‘नाही, सर’ या उत्तराविरुद्ध

शिक्षकाच्या नोकरीची मुलाखत संपत आली, की मंडळातील एखादे सदस्य कागद आवरता आवरता विचारतात, “तुम्हांला काही विचारायचंय का?” उमेदवाराने “नाही, सर” म्हणायचे, नमस्कार करायचा आणि बाहेर पडायचे, असा रिवाज आहे. आमच्या मराठी विभागांतून एम.ए. होऊन बी.एड.कडे वळणाऱ्या मुलामुलींना हे ‘नाही’ पाठ असते. किंबहुना मार्गदर्शनाच्या नावाखाली ते पाठ करून घेतले जाते. जास्त बोलू नका, पगाराचे तर मुळीच काढू नका, आधी चिकटा मग बघू, असा हा उपदेश. आमचा त्याला विरोध आहे. उमेदवाराने विचारले पाहिजे, नेमके विचारले पाहिजे आणि रुजू होण्यापूर्वी विचारले पाहिजे.

आमच्या डोळ्यांसमोर शिरूर आणि दौंड हे दोन तालुके आहेत. इकडे घोडनदी, तिकडे भीमा. इकडे रांजणगावची औद्योगिक वसाहत, तिकडे कुरकुंभची. इथल्या पदवीधराला शिक्षक होण्याचे दोन दरवाजे दिसतात. पहिला अभियोग्यता चाचणी आणि पवित्र पोर्टल यांचा. ही चाचणी २०१७ साली झाली, नंतर थेट २०२३ साली आणि मग २०२५ साली. पहिल्या दोहोंच्या मधल्या पाच वर्षांत कितीजणांचे उमेदीचे वय सरले, याची मोजदाद कुणी ठेवत नाही. दुसरा दरवाजा विनाअनुदानित शाळांचा, कारखान्यांच्या आणि हमरस्त्यांच्या कडेने उभ्या राहिलेल्या इंग्रजी माध्यमाच्या शाळांचा. पोर्टलवरूनही खाजगी संस्थेला ‘मुलाखतीसह’ हा पर्याय घेता येतो. म्हणजे दोन्ही दरवाजांशी टेबलापलीकडे कुणीतरी बसलेले असतेच.

पगार विचारणे शिक्षकाला शोभत नाही, हा पहिला आक्षेप. ज्यांना हा संस्कार परंपरेचा वाटतो, त्यांनी परंपरा जरा नीट वाचावी. १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन देताना महात्मा फुल्यांनी प्राथमिक शिक्षकाला किमान किती रुपये दरमहा मिळावेत, याचा आकडा लिहून दिला होता: बारा रुपयांहून कमी नको, मोठ्या गावी पंधरा किंवा वीस. त्याच वर्षी त्याच आयोगापुढे पंडिता रमाबाईंनी साक्ष दिली आणि मुलींना शिकवणाऱ्या स्त्रियांचे प्रशिक्षण, त्यांचा दर्जा आणि त्यांचे वेतन यांचा आग्रह धरला. या रमाबाईंनी पुढे आपले मुक्तिसदन उभारले ते दौंड तालुक्यातल्या केडगावात, आणि १९२२ साली त्यांचा अंत झाला तोही तिथेच. शिक्षणासाठी आयुष्य वेचणाऱ्या या दोघांना शिक्षकाच्या पगाराचा प्रश्न हलका वाटला नाही. तो हलका वाटतो, तो पगार द्यायची ज्यांची तयारी नसते त्यांना.

मग विचारायचे काय? ‘आपल्या संस्थेची ध्येयदृष्टी काय?’ असले इंग्रजी पुस्तकांतून उचललेले प्रश्न आमच्या मनात नाहीत. त्याचे उत्तर प्रवेशद्वारावरच्या फलकावर रंगवलेले असते.

पहिला प्रश्न पदाचा. हे पद संचमान्यतेत मंजूर आहे काय? अनुदानित आहे, अंशतः अनुदानित की स्वयंअर्थसहाय्यित? हा तांत्रिक तपशील नव्हे. २००१ साली शासनाने ‘कायम विनाअनुदानित’ या तत्त्वावर शाळांना परवानगी देण्याचे धोरण आणले, २००९ साली त्यातला ‘कायम’ हा शब्द वगळला आणि २०१६ पासून वीस टक्क्यांच्या टप्प्याने अनुदान सुरू केले. एका विशेषणाच्या असण्या-नसण्यावर शिक्षकांच्या पिढीचा संसार टांगलेला राहिला. शब्दाचे वजन शिकवणाऱ्या आमच्या विषयाच्या विद्यार्थ्याने तरी हा शब्द विचारून घ्यावा. वर्ग कोणते, हेही इथेच विचारावे. कारण पहिली ते आठवीसाठी शिक्षक पात्रता परीक्षा अनिवार्य आहे आणि १ सप्टेंबर २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने ती आधीपासून सेवेत असलेल्यांच्याही दाराशी आणून ठेवली आहे.

दुसरा प्रश्न कागदाचा. नियुक्तिपत्र केव्हा मिळेल? त्यावर तारीख, पद, वेतन आणि परिवीक्षेचा काळ असेल ना? महाराष्ट्रातील खाजगी शाळांच्या कर्मचाऱ्यांसाठी सेवाशर्तींचा कायदा १९७७ साली झाला, नियमावली १९८१ साली आली. मान्यताप्राप्त खाजगी शाळेला हा कायदा लागू होतो. ती अनुदान घेते की नाही, यावर ते अवलंबून नाही. बडतर्फ झालेल्या शिक्षकाला शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करता येते, पण त्यासाठी तीस दिवसांची मुदत आहे. हातात नियुक्तीचा कागदच नसेल, तर तो तिथे सिद्ध काय करणार? ‘पत्राचं बघू नंतर’ हे उत्तर मिळाले, तर तेही उत्तरच समजावे.

तिसरा प्रश्न पैशाचा. वेतन किती, कोणत्या तारखेला, आणि बँकेत जमा होणारी रक्कम पूर्ण आपलीच राहणार काय? शेवटचा भाग कानाला कटू लागेल. परंतु खात्यात आलेल्या पगारातला हिस्सा रोखीने परत करावा लागल्याच्या हकिकती आमचे माजी विद्यार्थी सांगतात, तेव्हा त्यांचा आवाज खाली जातो. शरमेने बोलायची पाळी खरे तर दुसऱ्या कुणाची आहे. अनुदानित पदावरच्या शिक्षण सेवकाचे मानधन जानेवारी २०२३ पासून प्राथमिकला सोळा, माध्यमिकला अठरा आणि उच्च माध्यमिकला वीस हजार रुपये झाले; त्यापूर्वी बरीच वर्षे ते सहा, आठ आणि नऊ हजार होते. निदान हे आकडे उमेदवाराला ठाऊक असावेत. समोरून येणारा आकडा कशाशी ताडायचा, ते मग कळते.

चौथा प्रश्न विषयाचा, आणि तो आमच्या जिव्हाळ्याचा. आठवड्याला मराठीच्या तासिका किती? त्यांतल्या किती माझ्याकडे? २०२० च्या कायद्याने राज्यातील सर्व माध्यमांच्या आणि मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली. कायदा झाला म्हणजे तास झाला असे नव्हे. मराठीच्या शिक्षकाला स्नेहसंमेलनाची निवेदने, फलकलेखन, हस्तलिखित आणि रिकाम्या वर्गांची राखण देऊन त्याच्या तासाला दुसराच विषय उरकण्याची सोय अनेक ठिकाणी असते. ग्रंथालय आहे काय, त्याची किल्ली कुणाकडे असते आणि मुले शेवटचे केव्हा तिथे गेली, हेही विचारावे. शक्य असेल तर ग्रंथालय पाहू द्या म्हणावे.

पाचवा प्रश्न शाळेबाहेरच्या कामाचा. मे महिन्यात पटासाठी गावोगाव फिरावे लागते काय? किती विद्यार्थी आणायचे? या जागी आधी कोण होते आणि ते का गेले? एका जागेवर चार वर्षांत चार शिक्षक झाले असतील, तर दोष चौघांत शोधण्याआधी जागेत शोधावा.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो आम्ही झटकून टाकणार नाही. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात. घरी कर्ज आहे, वय वाढते आहे, बाहेर दहाजण उभे आहेत. विचारणाऱ्याची जागा न विचारणाऱ्याला मिळेल. हे खरे आहे. एकट्याने विचारलेला प्रश्न उर्मटपणा ठरतो. म्हणूनच हा एकट्याच्या धाडसाचा विषय असू नये. शिरूर-दौंडच्या त्या दहाजणांत निम्मे एकमेकांचे वर्गमित्र असतात. दहाच्या दहाजणांनी नियुक्तिपत्राबद्दल विचारले, तर तो उर्मटपणा राहत नाही, रीत होते. ज्याला पहिले तीनच प्रश्न विचारता येतील, त्याने तीनच विचारावेत. ज्याला उत्तर वाईट मिळाले आणि तरीही नोकरी घ्यावी लागली, त्याला आम्ही नावे ठेवणार नाही. पण तो डोळे उघडे ठेवून आत गेलेला असेल, आणि हा फरक थोडा नाही.

तिसरा आक्षेप साहित्यातून येतो. ‘बनगरवाडी’तला तरुण मास्तर आडवळणाच्या वाडीत शाळा चालवायला गेला, त्याने कुठे अटी घातल्या? १९५५ साली पुस्तकरूपाने आलेल्या या कादंबरीला असा दाखला करणे हा तिच्यावर अन्याय आहे. तो संस्थानी नोकर होता. त्याचा पगार गावच्या कारभाऱ्याच्या मर्जीवर नव्हता. खाजगी संस्थेच्या छायेतला मास्तर पाहायचा तर नेमाड्यांच्या चांगदेव पाटलाकडे जावे. या गावाहून त्या गावाला बिऱ्हाड हलवणारा हा प्राध्यापक आपण मराठीच्या वर्गात ‘परात्मता’ या शब्दाखाली शिकवतो. त्या शब्दाखाली तात्पुरत्या नेमणुकाही आहेत, हे सांगायला मात्र तास पुरत नाही.

आमची सूचना साधी आहे. महाविद्यालयांत सराव-मुलाखती होतात. त्यांत उमेदवाराच्या प्रश्नांसाठी दहा मिनिटे राखून ठेवावीत आणि त्यांना गुण द्यावेत. मंडळात बसणारे प्राध्यापक अनेकदा खऱ्या मुलाखतींनाही विषयतज्ज्ञ म्हणून बोलावले जातात. तिथे एखाद्या मुलीने पगाराची तारीख विचारली, तर खाली मान घालून कागद चाळू नये. तिच्या प्रश्नाचे उत्तर मिळेपर्यंत थांबावे. तज्ज्ञपणाचा एवढा उपयोग व्हायला हरकत नसावी.