ओला कचरा डेपोवर जाऊ देऊ नका!

अमरावती-अकोल्याच्या नागरिकांनो,

अमरावतीचा कचरा जिथे जातो, त्या सुकळीच्या जागेचे नाव ‘कंपोस्ट डेपो’ आहे. नावातच खत आहे. पण वर्षानुवर्षे तिथे कचऱ्याचे डोंगर उभे राहिले. अकोल्यात नायगावची गत वेगळी नाही. ओले-सुके एकत्र कुजले की ढिगाच्या पोटात मिथेन वायू तयार होतो, उन्हाळ्यात तो पेटतो. धूर मात्र खातात शेजारचे रहिवासी. आपले खरकटे आपल्या दारातून गेले म्हणजे प्रश्न मिटला, असे आपण मानतो. तो फक्त त्यांच्या दारात जातो.

यात भाजीच्या देठांचा दोष नाही. आपल्या आजोबांनी हेच सारे उकिरड्यात टाकले आणि पेरणीआधी गाड्या भरभरून शेतात नेले. आज त्याच देठांत डायपर, काच आणि पन्नी मिसळली जाते. एकदा मिसळले की त्याचे खत कोणता शेतकरी घेईल? कपाशीच्या पट्ट्यातली काळी जमीन सेंद्रिय कर्बासाठी भुकेली आहे, आणि तिचे अन्न आपण जाळतो आहोत.

ओला-सुका कचरा घरातच वेगळा करण्याचा केंद्राचा नियम 2016 पासून लेखी आहे. कोकणातल्या वेंगुर्ल्याने तो प्रत्यक्षात आणला: कचऱ्याचे बारीक वर्गीकरण केले, ओल्यापासून बायोगॅस आणि खत काढले. लहान गाव म्हणून जमले, असे कोणी म्हणेल. मग प्रभाग तरी केवढा असतो? मोठ्या शहराला जे अवघड वाटते, ते एका प्रभागाला झेपते.

म्हणून मागणी अशी: डेपोसाठी नवी जागा शोधण्याआधी प्रत्येक प्रभागात खताचे हौद बांधा. सुरुवात घराघरातून नको, जिथे ओला कचरा आयताच एका जागी पडतो तिथून करा. इतवारा बाजार, जनता भाजी बाजार, मंगल कार्यालये, खानावळी, देवळांतले निर्माल्य. लग्नसराईत एका रात्रीत वाया जाणारे अन्न पाहिलेल्याला हे वेगळे सांगायला नको.

आणि आपले काम? ओल्यासाठी वेगळी बादली. अंगण असेल त्यांनी कडुनिंबाचा वाळका पाला आणि देठ-सालींचे थर लावावेत, आठवड्यातून एकदा खालीवर करावेत. आपल्याकडच्या उन्हात ढीग लवकर सुकतो. म्हणून वर ओले पोते टाकावे. दोन-अडीच महिन्यांत मातीसारखा वास येऊ लागतो.

‘आम्ही वेगळा दिला तरी घंटागाडीत एकत्रच टाकतात,’ ही तक्रार खरी आहे. पण म्हणून वेगळे करणे सोडू नका. गाडी थांबवा, दोन कप्पे मागा, नसतील तर लेखी अर्ज द्या. एकट्याचा अर्ज फायलीत जातो. गल्लीतल्या चाळीस घरांचा जात नाही.

गाडगेबाबा याच मातीतले. शेंडगावला जन्मले, 1956 साली वलगावजवळ त्यांनी देह ठेवला. गावात शिरले की आधी खराटा हाती घेत आणि मग रात्री कीर्तनाला उभे राहत. त्यांच्या नावाचे फलक आपण चौकाचौकांत लावले, आता त्यांचे कामही हाती घेऊ या.

येत्या रविवारी गल्लीतल्या लोकांना एकत्र बोलवा, अर्जावर सह्या घ्या आणि सोमवारी तो प्रभाग कार्यालयात देऊन पोच घ्या.