पाणसापांचा षोक

मनुष्याच्या हौसेला कुंपण नाहीं, आणि ज्याच्या हातीं चार पैसे व घरीं एक रिकामी भिंत आहे त्याच्या हौसेला तर मुळींच नाहीं. पोपटाचा पिंजरा गेला, त्याच्या जागीं रंगीत माशांची कांचपेटी आली; माशांचा कंटाळा आला, तेव्हां त्याच पेटींत अमेरिकेंतील लाल कानाचें कासव आलें; आणि आतां युरोप-अमेरिकेंतील हौशी मंडळींचें पाहून पाण्यांत राहणारे साप दिवाणखान्यांत ठेवावे, असें आपल्याकडील कांहीं तरुणांसहि वाटूं लागलें आहे. या षोकाचा कैवार घेणारे लोक अडाणी नाहींत. ते सुशिक्षित आहेत, प्राण्यांविषयीं ममता बाळगणारे आहेत, आणि साप दिसतांच काठी शोधणाऱ्या वाडवडिलांपेक्षां एक पायरी वर चढलेले आहेत, हें आम्ही मोकळ्या मनानें मान्य करतों. म्हणूनच त्यांच्याशीं वाद घालणें अवश्य झालें आहे. अडाण्याची चूक त्याच्यापुरती राहते; सुशिक्षिताच्या चुकीची फॅशन होते.

प्रथम त्यांचें म्हणणें त्यांच्याच बाजूनें मांडूं. ते म्हणतात : पाणसाप बहुधा बिनविषारी असतात; ते भुंकत नाहींत, केस गाळीत नाहींत, एका कोपऱ्यांत मावतात व आठवड्यांतून एकदोनदां खाऊं घातलें कीं काम झालें; त्यांच्यामुळें मुलांच्या मनांतील भय जाऊन निसर्गाची गोडी लागते; आणि रानांत जीव मुठींत धरून राहण्यापेक्षां घरांत तो साप अधिक सुखानें जगतो. असे हे चार मुद्दे. एकेक घेऊन पाहूं.

पहिला मुद्दा विषाचा. पाण्यांतला साप म्हणजे बिनविषारी ही समजूत आमच्या खेड्यांतहि आहे, आणि विहिरींत दिसणाऱ्या विरोळ्यापुरती ती खरीहि आहे. परंतु कोंकणच्या कोळ्यांच्या जाळ्यांत सांपडणारे समुद्रसर्पहि पाण्यांतलेच असतात व त्यांचें विष प्राणघातक असतें. आपल्याकडे तयार होणारें सर्पदंशावरील प्रतिविष नाग, मण्यार, घोणस व फुरसें या चारांसाठीं असल्यामुळें तेथें तें निरुपयोगी ठरतें. समुद्रसर्प कोणी घरांत ठेवीत नाहीं, असें यावर उत्तर येईल. ठीक आहे, मग दुकानांत विकत मिळणाऱ्या सापांकडे वळूं. आग्नेय आशियांत ओढ्याडबक्यांच्या कांठीं बेडूक व मासे खाऊन राहणारा तांबड्या मानेचा एक साप कित्येक वर्षें निरुपद्रवी म्हणून पाश्चात्त्य देशांत पाळला जात होता. अशाच एका ‘निरुपद्रवी’ पाळीव सापाच्या दंशानें तीव्र विषबाधा झाल्याची हकीकत १९७८ सालीं ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’नें छापली, तेव्हां लोकांचे डोळे उघडले. त्याचे विषदंत जबड्याच्या मागल्या बाजूस असतात आणि त्याच्या विषानें रक्ताची गोठण्याची शक्ति नाहींशी होते. तात्पर्य, ‘बिनविषारी’ या शब्दाचा अर्थ पुष्कळदां ‘त्यानें कोणी मेलेला अद्याप ऐकिवांत नाहीं’ एवढाच असतो.

विष नसलें तरी रोग आहेच. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या आंतड्यांत ‘साल्मोनेला’ नांवाचे जंतु पुष्कळदां वास करतात, आणि प्राणी पाण्यांतला असला म्हणजे ते सबंध टांकीभर पसरतात. अमेरिकेंत याच कारणास्तव १९७५ सालीं चार इंचांहून लहान कासवांची विक्री बंद करण्यांत आली, आणि ज्या घरांत पांच वर्षांखालील मुलें आहेत तेथें सरपटणारे प्राणी ठेवूं नयेत, असा तेथील सरकारी आरोग्यखात्याचा सल्ला आहे. आपल्या घरांत ती टांकी धुणार कोठें? ज्या मोरींत भांडीं घासतात तेथेंच ना?

दुसरा मुद्दा अल्प श्रमांचा. हा तर विकणाराचा मुद्दा आहे, पाळणाराचा नव्हे. मासे खाणारा साप पाणी फार लवकर घाण करतो. त्या घाणींतून अमोनिया सुटतो व ज्या पाण्यांत त्यास अष्टौप्रहर राहावयाचें तेंच पाणी त्याच्या अंगास जाळूं लागतें. जे पाणसाप उन्हांत अंग शेकावयास कांठावर येतात, त्यांस कोरडी जागा न मिळाल्यास कातडीवर फोड उठतात व ते चिघळतात. अन्नाची गोष्ट याहून नाजूक. सोनेरी मासा व त्याच्या जातीचे कांहीं मासे यांच्या शरीरांत ‘ब-१’ जीवनसत्त्वाचा नाश करणारें द्रव्य असतें. असे मासे सतत खाऊं घातले तर साप आंचके देऊं लागतो व प्रसंगीं मरतो. दुकानांत सर्वांत स्वस्त मिळतो तो हाच मासा! शिवाय यांपैकीं कित्येक जातींचे साप मेलेला मासा तोंडांत धरीतच नाहींत. म्हणजे एका टांकीशेजारीं दुसरी टांकी हवी. पहिलींत लाडका, दुसरींत त्याचे घांस. मासे खाणें हा सापाचा धर्मच आहे, त्यास आम्ही दोष देत नाहीं. पण तळ्यांतल्या माशास पळावयास तळें असतें. कांचेच्या चार भिंतींत मासा व साप एकत्र सोडून भोंवतीं खुर्च्या मांडून बसणें ही निसर्गाची गोडी नसून कोंबड्यांच्या झुंजीची गोडी आहे.

आतां तिसरा मुद्दा, ज्ञानाचा. या षोकांत ज्याचें नांव विशेष निघतें तो साप येथें उदाहरणास घेऊं. थायलंड, कंबोडिया व व्हिएतनाम या देशांतील संथ, गढूळ पाण्यांत राहणाऱ्या या सापाच्या नाकाशीं मिशांसारखे दोन मांसल अवयव असतात. आम्ही येथें त्यास मिशाळ साप म्हणूं. तो सर्व आयुष्य पाण्यांत काढतो. जमिनीवर त्यास धड सरपटतांहि येत नाहीं. त्या मिशांनीं त्यास पाण्याची बारीकशी हालचालहि कळते. त्याची शिकारीची रीत मोठी अद्भुत आहे. छत्रीच्या मुठीप्रमाणें अंग वळवून तो वाळक्या काटकीसारखा निश्चल पडून राहतो. त्या वळणांत मासा शिरला कीं साप तोंडानें झडप घालण्यापूर्वीं धडाचा मधला भाग किंचित् हलवतो. पाण्यांत ज्या बाजूस धक्का बसेल तिच्या उलट बाजूस, विचार न करतां, क्षणाच्याहि अल्पांशांत वळावयाचें, हा माशाचा जन्मजात स्वभाव. त्यामुळें धडाकडून आलेल्या हुलकावणीला भिऊन मासा उलट वळतो तो थेट सापाच्या जबड्याकडे! अमेरिकेंतील व्हँडरबिल्ट विद्यापीठाचे केनेथ कॅटॅनिया यांनीं अतिशीघ्र छायाचित्रें घेऊन २००९ सालीं हें दाखवून दिलें. आणि मासा जेथें आहे तेथें नव्हे, तर जेथें वळेल तेथें झडप घालण्याची कला नुकत्याच जन्मलेल्या पिलांच्याहि अंगीं असते, हें पुढल्याच वर्षीं सिद्ध केलें.

येथें प्रतिपक्षी हर्षानें म्हणतील, ‘हें ज्ञान कोंडलेल्या सापांवरूनच मिळालें ना?’ होय, त्यांच्यावरूनच मिळालें. परंतु तेथें एक प्रश्न होता, त्या प्रश्नासाठीं साधनें होतीं, आणि मिळालेलें उत्तर साऱ्या जगाचें झालें. आमच्या दिवाणखान्यांत प्रश्न कोणता? डोळ्यांस न दिसणाऱ्या वेगानें घडणारी ती गोष्ट घरांतल्या मुलास दिसणार ती काय? त्यास दिसतें एक काटकी. दोन दिवस तें कांचेला नाक लावून बसतें, तिसऱ्या दिवशीं कांचेवर टिचक्या मारतें, आणि आठव्या दिवशीं त्या बाजूस फिरकत नाहीं. मागें एकच धडा उरतो : जें आवडलें तें विकत आणावें, आणि कंटाळा आला कीं त्याकडे पाठ फिरवावी. हा धडा सापापुरता राहत नाहीं, ही आमची खरी चिंता आहे.

चौथा मुद्दा सापाच्या सुखाचा. कंबोडियांत टोन्ले साप नांवाचें विस्तीर्ण सरोवर आहे. (त्याच्या नांवाचा आपल्या ‘साप’ शब्दाशीं कांहीं संबंध नाहीं, पण योगायोग विलक्षण खरा.) या सरोवरांतून वर्षाकांठीं सुमारें ६९ लाख पाणसाप पकडले जातात, असा अंदाज २००७ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत दिला आहे. त्यांत मिशाळ सापहि असतात. पुष्कळसे सुसरींच्या पैदासखान्यांत खाद्य म्हणून जातात, कांहीं माणसांच्या पोटांत, कांहींची कातडी बाजारांत. ‘मग सुसरीच्या तोंडांतून आम्ही एक जीव सोडविला, हें पुण्यच झालें,’ असें कोणी म्हणेल. परंतु ज्या बाजारांत एक गिऱ्हाईक वाढलें, तेथें शिकार कमी झाली, असें कोणत्या अर्थशास्त्रांत लिहिलें आहे? सुसर वजनावर पैसे देते, हौशी मनुष्य नगावर देतो; पकडणारास अधिक हुरूप कोणामुळें येईल, तें उघड आहे. बरें, पैदास घरीं करूं म्हणावें, तर वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय प्राणिसंग्रहालयांत २०१२ सालीं या सापास आठ पिलें झालीं तीं चार वर्षांच्या खटपटीनंतर. तज्ज्ञांची ही कथा. मग कचेरीतून सायंकाळीं थकून येणाऱ्या गृहस्थाची काय सांगावी?

आणि दूर देशांतला जीव आपल्या दारापर्यंत येतो कसा, याचाहि विचार करावा. २०२५ च्या जून महिन्यांत मुंबईच्या विमानतळावर थायलंडहून आलेल्या एका उतारूच्या सामानांत चाळीसांहून अधिक विषारी साप सांपडले. ते पाणसाप नव्हते. पण वाट तीच आणि गिऱ्हाईकहि त्याच वृत्तीचें. पेटींत कपड्यांच्या घड्यांखालीं कोंबून आणावयाच्या प्राण्यास पाण्यावांचून जगतां येत नसेल, तर त्याचे काय हाल होत असतील, तें वाचकांनींच ताडावें.

मुख्य गोष्ट ही कीं, ‘पाळणें’ हा शब्दच येथें लागू पडत नाहीं. गाय, बैल, कुत्रा, मांजर यांनीं हजारों वर्षें मनुष्याशीं देवघेव केली आहे. कुत्रा धन्याची वाट पाहतो. मांजर चुलीजवळची जागा आपण होऊन निवडतें. गाय हांकेला ओ देते. पाणसापास आपल्याकडून कांहींच नको असतें. आपला स्पर्श त्यास संकट वाटतो, आणि आपलें प्रेम त्यास कळत नाहीं. ज्यास आपल्यापासून दूर जाण्यापलीकडे दुसरी इच्छा नाहीं, त्यास घरांत ठेवणें हें पाळणें नव्हे. तें कोंडणें होय. कोंडवाड्याच्या भिंती कांचेच्या केल्यानें तो देव्हारा होत नाहीं.

हौस सरल्यावर काय होतें, तेंहि अनुभवास आलें आहे. लाल कानाचीं कासवें लोकांनीं आणलीं, तीं वाढलीं, टांकींत मावेनाशीं झालीं आणि गुपचूप तळ्यांत सोडलीं गेलीं. आज भारतांत ठिकठिकाणच्या तळ्यांत तीं मूळच्या कासवांच्या घांसांत वांटेकरी झालीं आहेत. अमेरिकेच्या पूर्व भागांतील पाणसाप अशाच रीतीनें कॅलिफोर्नियांत पोंचले, तेथें त्यांनीं वंश वाढविला, आणि आतां त्या जाती बाळगण्यावरच त्या संस्थानास निर्बंध घालावा लागला आहे. ज्यानें साप तळ्यांत सोडला त्यास वाटतें, आपण त्याला मुक्त केलें. मुक्तीचें हें देणें त्या तळ्यांतील बेडकांना व माशांना द्यावें लागतें.

कायद्याची बाजू थोडक्यांत सांगतों. आपला विरोळा, ज्यास पाणदिवडहि म्हणतात, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखालीं संरक्षित आहे, आणि त्या कायद्यांत ‘शिकार’ या शब्दांत पकडणेंहि येतें. म्हणजे विहिरींतून विरोळा काढून टांकींत ठेवणें हा गुन्हाच. २०२२ सालीं या कायद्यांत जी दुरुस्ती झाली, तिनें आंतरराष्ट्रीय यादींतील परदेशी प्राण्यांची नोंदणीहि सक्तीची केली. ज्यांचीं नांवें त्या यादींत नाहींत, त्यांस ही सक्ती लागत नाहीं, आणि हौशी लोक नेमकें या फटींतून बोट घालतात. पण कायदा बोलला नाहीं म्हणजे विवेकानेंहि गप्प बसावें, असा अर्थ होत नाहीं.

सांगली जिल्ह्यांतील बत्तीस शिराळ्याचे लोक नागपंचमीसाठीं रानांतून नाग पकडून आणीत, त्यांची मिरवणूक काढीत, आणि सण संपला कीं त्यांस पुन्हां रानांत सोडून देत. या शतकांत मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशांमुळें जिवंत नागांच्या त्या मिरवणुकीस बंदी झाली. त्या वेळीं शहरांतील सुशिक्षितांनीं एक अंधश्रद्धा गेली म्हणून समाधान मानलें. बंदी योग्यच होती. परंतु शिराळ्याच्या शेतकऱ्याचा नाग कांहीं दिवसांत सुटत असे. या सुशिक्षितांच्या पेटींतला साप मेल्यावांचून सुटत नाहीं. दोघांत अधिक मागासलेला कोण?

मग सापाविषयीं प्रेम दाखवावयाचें कसें, असा प्रश्न उरतो, व तो रास्त आहे. पावसाळ्यांत भातखाचराच्या बांधावर, गांवच्या तळ्याच्या कांठीं किंवा एखाद्या जुन्या विहिरीच्या कठड्याशीं मुलांना घेऊन अर्धा तास शांत उभें राहावें. पाण्याबाहेर काढलेलें एक चिमुकलें डोकें व त्यामागें उठणारी वांकडी रेघ दिसेल, तो विरोळा. हा साप चिडला म्हणजे मान चपटी करतो, आणि त्यामुळें लोक त्यास नाग समजून ठेंचतात. त्याची मादी अंडीं घालून तीं राखीत बसते, हें ठेंचणारांस ठाऊकहि नसतें. हा फरक मुलांना शिकवावा, शेजाऱ्यांना सांगावा, आणि काठी उगारलेला एखादा हात जरी वेळेवर धरतां आला, तरी टांकीभर सापांवर केलेल्या खर्चाहून तें काम मोलाचें होईल. त्यास दाम लागत नाहीं, वीज लागत नाहीं, कीं कांच लागत नाहीं. साप पाण्यांत राहतो, मूल कांठावर राहतें, आणि दोघेहि आपापल्या घरीं जातात.