दर्या, दऱ्या आणि डीटीपी

‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतला भेद शुद्धलेखनाच्या तासाला आपण सगळेच शिकवतो. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ ही जोडीही ठरलेली; त्यावर वर्ग हसतो आणि तास पुढे सरकतो. हाच भेद छपाईच्या वाटेवर कुठे आणि कसा पुसला जातो, हे मात्र एखाद्या मराठी विभागाने शिकवल्याचे माझ्या पाहण्यात नाही. अर्थ आपण सांभाळायचा आणि छपाईतले बिघाड डीटीपी ऑपरेटरने निस्तरायचे, अशी आपली सोयीस्कर वाटणी आहे. ती मला मान्य नाही.

एक उदाहरण देतो. जयगडच्या एका स्मरणिकेची मुद्रिते तपासण्याचे काम माझ्याकडे आले होते. शास्त्री नदीच्या मुखाशी वसलेले हे गाव. पुढे दर्या, मागे डोंगरातल्या दऱ्या. आमच्या दोन शब्दांची गाठ पडायला याहून उचित स्थळ नाही! जुने लेख पेजमेकरच्या फाइलींत होते आणि पडद्यावर ते निर्दोष दिसत होते. छापून आले तेव्हा एका लेखाच्या जागी रोमन अक्षरे आणि चिन्हे यांची रांग होती. दुसऱ्यात वेलांट्या आणि मात्रा आपापली अक्षरे सोडून शेजारी जाऊन बसल्या होत्या. तिसरा लेख स्वच्छ होता. फक्त त्यात ‘दर्यांतून उतरणारी पायवाट’ होती.

पहिले दोन बिघाड कोणालाही दिसतात. तिसरा डोळा सहज ओलांडून जातो, आणि पाठाच्या दृष्टीने तोच सर्वांत गंभीर.

या सर्वांचे मूळ एकच आहे. १९८५ साली आलेला पेजमेकर रोमन लिपीसाठी घडवलेला होता. श्रीलिपी, सी-डॅकचे आयएसएम यांसारख्या प्रणालींनी त्यात मराठी आणली ती एका युक्तीने: रोमन अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवून. काना एका जागी, अर्धा स दुसऱ्या. या युक्तीवर आपली नियतकालिके दोन दशके निघाली. तिला नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. पण तिचा अर्थ असा की फाइलीत मराठी नसतेच. फाइलीत असतात जागांचे क्रमांक. मराठी असते ती टंकात, म्हणजे फाँटमध्ये. छापणाऱ्याकडे तो टंक नसला की रोमन अक्षरे उमटतात, आणि यंत्राच्या दृष्टीने त्यात चूक काहीच नसते. त्याच नावाचा पण वेगळ्या आवृत्तीचा टंक असला की मात्रा सरकतात.

यावरचे उपाय जाणकार ऑपरेटरला पाठ असतात. बिघडलेले पान एकटे छापून पाहावे. तेही बिघडले तर त्याच टंकातला एक परिच्छेद कोऱ्या फाइलीत टाकून छापावा. तिथेही बिघडला तर दोष टंकाचा, नाहीतर त्या पानाचा. पीडीएफ करताना टंक आतच बांधून द्यावा. घाई असेल तर अक्षरांचे ‘कर्व्ह’ करावेत, म्हणजे प्रत्येक अक्षराचे चित्र होते आणि मग काहीच हलत नाही. या शेवटच्या उपायावर मात्र मराठीच्या शिक्षकाने आक्षेप घेतलाच पाहिजे. पान छापले जाते, पण त्यात पाठ उरत नाही. ना शोध घेता येतो, ना पुढच्या आवृत्तीत एक अनुस्वार दुरुस्त करता येतो.

आता त्या पायवाटेकडे. जुन्या टंकांत रफार आणि य-ह यांना डावीकडून जोडला जाणारा अर्धा र यांच्या जागा वेगळ्या होत्या. युनिकोडमध्ये र, हलन्त आणि य असे लिहिले की रफारच मिळतो. दुसरे रूप हवे तर ऱ पासून सुरुवात करावी लागते, किंवा हलन्तानंतर एक अदृश्य जोडचिन्ह घालावे लागते. जयगडचा तिसरा लेख युनिकोडमध्ये फिरवताना परिवर्तकाने दोन्ही र एकच मानले होते. सगळीकडे ‘दऱ्या’ करून टाकावे, अशी सूचना आली. पण त्याच लेखात ‘दर्या ओलांडून माणसे आली’ असे एक वाक्य होते, आणि जयगडात माणसे दोन्ही ओलांडून आलेली आहेत. लेखक हयात नव्हते. शेवटी जुनी फाइल जुन्या टंकात उघडली. त्या वाक्यात रफारच होता. याला पाठचिकित्सा म्हणत नाहीत तर काय म्हणतात?

जयगडहून मालगुंड काही फार दूर नाही. तिथे जन्मलेले केशवसुत १९०५ साली गेले आणि त्यांच्या कवितांचा संग्रह त्यानंतर हरि नारायण आपटे यांनी काढला. अशा संग्रहांतले पाठभेद आपण आस्थेने अभ्यासतो. १९९० नंतरच्या अनियतकालिकांची मूळ प्रत मात्र बहुधा एक पेजमेकर फाइलच आहे, आणि पेजमेकरची २००१ सालची सातवी आवृत्ती ही शेवटची ठरली. युनिकोड आले म्हणून सगळे मिटले, असेही नाही. इनडिझाइनमध्ये ‘वर्ल्ड-रेडी’ कंपोझर निवडला नाही तर आजही जोडाक्षरे फुटतात आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला पडते.

पाठचिकित्सेच्या अभ्यासात एक प्रात्यक्षिक ठेवावे: जुन्या वार्षिकांकाची एक फाइल घ्यावी, युनिकोडमध्ये फिरवावी, आणि प्रत्येक ‘र्य’ व ‘र्ह’ छापील अंकाशी ताडून पाहावा. अशा फाइली अनेक महाविद्यालयांत सीडींवर पडून आहेत, आणि सीडी वाचण्याची सोय नव्या संगणकांत सहसा नसते. निदान त्या उतरवून घेण्यासाठी तरी अभ्यासमंडळाच्या मंजुरीची वाट पाहण्याचे कारण नाही.