जुन्या रेकॉर्ड प्लेअरला नवा सूर

लखनौच्या आलमबाग भागात रेल्वेच्या डबे-वाघिणी दुरुस्तीचा मोठा कारखाना आहे. दुरुस्तीला आलेल्या डब्याची चाके, बेअरिंग, ब्रेक आधी पाहिले जातात. रंगाचा हात शेवटी फिरतो. माळ्यावरचा रेकॉर्ड प्लेअर खाली काढणाऱ्यांनीही हाच क्रम ठेवावा. पुष्कळ जण पेटीला पॉलिश आणि नवे स्पीकर यांपासून सुरुवात करतात आणि झिजलेली सुई तशीच राहते. प्लेअरचा सुटा भाग पुन्हा मिळू शकतो, पण अशा सुईने खरवडलेली तबकडीची खाच कधीच भरून येत नाही.

म्हणून पहिला खर्च सुईवर करावा. 78 फेऱ्यांच्या तबकडीची सुई लाँग प्लेच्या सुईच्या सुमारे तिप्पट जाड असते. दोन्ही प्रकारच्या तबकड्या घरात असतील तर दोन सुया हव्यातच. नीलमाची सुई लवकर झिजते, हिऱ्याची बराच काळ टिकते.

दुसरे काम फिरत्या भागांचे. आधी प्लग काढावा. तबकडीखालचे रबरी चाक स्पिरिटच्या फडक्याने पुसावे. त्याला तेल लागू देऊ नये. रबर कडक झाले असेल तर चाक बदलावे. मधल्या दांड्याचे घट्ट झालेले तेल पुसून शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब सोडावा.

आता वेग तपासावा. फिरत्या थाळीच्या कडेला कागदाची चिठ्ठी चिकटवून फेऱ्या मोजाव्या. लाँग प्लेच्या वेगावर तीन मिनिटांत बरोबर 100 फेऱ्या व्हायला हव्यात. 106 झाल्या तर काळी एकमधले गाणे पांढरी दोनमध्ये ऐकू येते! ज्या लखनौत पं. भातखंडे यांच्या पुढाकाराने 1926 साली मॅरिस संगीत महाविद्यालय उभे राहिले, तिथल्या कानांना हे कसे खपावे?

नवे चुंबकीय कार्ट्रिज बसवण्याचा मोह अनेकांना होतो. त्याला हलका, सहज फिरणारा हात आणि वेगळा फोनो प्रीअँप्लिफायर लागतो. जुन्या सुटकेसवजा प्लेअरचा हात जड असतो आणि जवळच्या मोटारीची घरघरही त्यात उतरते. तिथे मूळ पद्धतीचे सिरॅमिक कार्ट्रिजच ठेवलेले बरे. वजनदार थाळी आणि चांगला हात असलेल्या प्लेअरला मात्र हा बदल शोभतो.

एक खबरदारी विसरू नये. 78 च्या जुन्या तबकड्या लाखेच्या असतात आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. त्या किंचित ओलसर मऊ कापडाने, मधला कागद न भिजवता पुसाव्या.

एवढे झाले की पेटीला पॉलिश जरूर करावे. मात्र पहिल्या दिवशी आजीची लाडकी तबकडी लावू नये. एखादी साधी लावून कान द्यावा. ती स्वच्छ वाजली, की मग आजीची काढावी.