कुंडीतली माती मेलेली नसते, उपाशी असते

मे महिना आला की या सदराकडे येणाऱ्या प्रश्नांचं वळण ठरलेलं असतं. "दोन वर्षं कुंडीत वांगी, टोमॅटो झकास आले. यंदा झाडं खुरटली. माती टाकून नवी भरू का?"

माझं उत्तर एका शब्दाचं आहे: नको. पण ते पटायला थोडं समजून घ्यावं लागेल.

आमच्या तंजावरच्या गल्लीत एक मामी दर उन्हाळ्यात सात-आठ कुंड्या उपड्या करतात. एकदा मी विचारलं, "मामी, एवढी माती कुठे टाकताय?" त्या म्हणाल्या, "मेली गं ती. बघ, कशी सिमेंटासारखी झालीय." गोळा खरंच सिमेंटासारखा होता. पण त्यावर पाणी ओतलं, दहा मिनिटांनी फोडला, तर आत जुन्या मुळांचे धागे होते आणि एक बारकी गोम तुरुतुरु पळाली. जिथे गोम राहते तिथे तिला खायला काहीतरी असतंच.

शेतात पानं गळतात, मुळं जमिनीत कुजतात, गांडुळं खालून वर येतात. कुंडीला मात्र चारी बाजूंनी भिंत. तिथे झाड अन्न घेतं, रोजच्या पाण्याबरोबर थोडं तळाच्या भोकातून वाहून जातं आणि उरलेला पालापाचोळा मातीतले जिवाणू, बुरशी खाऊन संपवतात. पालापाचोळा संपला की मातीचे कण एकमेकांना चिकटतात, हवेच्या पोकळ्या बंद होतात आणि कुंडी चार बोटं खाली बसते. त्यात तंजावरची माती म्हणजे कावेरीचा गाळ. भाताला सोनं, पण एकटीच कुंडीत भरली तर पावसात चिखल आणि उन्हात वीट.

शिवाय पोत्यातून विकत आणलेली लाल माती कुठून येते? कुणाच्या तरी रानातून, माळावरून वरचा थर खरवडूनच. दर वर्षी आपण ती आणतो आणि दर वर्षी गटाराकाठी ओततो. सेंद्रिय शेतीसाठी आयुष्य वेचणारे नम्माळवार (१९३८-२०१३) याच तंजावर जिल्ह्यातल्या इळंगाडू गावचे. त्यांनी शेतकऱ्यांना जे सांगितलं ते गच्चीलाही लागू आहे: आधी माती जगवा, पीक ती देईल.

नवी माती करायची तर

माप घमेल्याचं धरा. दोन घमेली माती, दोन घमेली पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा घरचं कंपोस्ट, एक घमेलं धुतलेला नारळाचा भुसा आणि अर्धं घमेलं भाताचं जळकं तूस. वर चार मुठी निंबोळी पेंड. तंजावरात मी वल्लमकडची लाल माती घेते, कारण ती भुसभुशीत असते. तुम्ही पुण्या-नगरकडे असाल तर काळी माती निम्मीच घ्या आणि बाकी जागा कंपोस्टने व जाडसर वाळूने भरा. कोकणात लाल माती दाराशीच आहे. कोल्हापूर-सांगलीकडे नारळाच्या भुशाऐवजी उसाचं कुजवलेलं चिपाड चालतं. आपल्या गावात जे वाया जातं तेच घ्यावं, या मताची मी आहे. इथे भातगिरण्या आहेत म्हणून तूस.

मूठभर ओलं मिश्रण दाबून बघा. गोळा व्हायला हवा आणि बोटाने टोचल्यावर तो फुटायला हवा. फुटत नसेल तर कंपोस्ट वाढवा. गोळाच होत नसेल तर माती वाढवा.

नारळाच्या भुशाबद्दल दोन शब्द जास्तीचे. तो स्वतःच्या वजनाच्या सात-आठ पट पाणी धरतो म्हणून सगळ्यांचा लाडका. पण सोडणं अनेकदा खाऱ्या पाण्यात भिजवलेली असतात, त्यामुळे भुशात मीठ राहतं. विटेसारखा दाबलेला ठोकळा भिजवा, पाणी पिळून टाका, असं तीन वेळा करा. पहिलं पाणी चहासारखं निघतं, तिसरं फिकट. दुसरी गोष्ट म्हणजे कच्चा भुसा कुजताना मातीतलाच नत्र खातो आणि झाड पिवळं पडतं. कोइम्बतूरच्या तामिळनाडू कृषी विद्यापीठाने धिंगरी अळिंबीची बुरशी वापरून हा भुसा कुजवण्याची पद्धत बसवली आहे. घरी एवढं करायची गरज नाही, पण भुसा पाचव्या-सहाव्या हिश्श्यापुढे नेऊ नका. नुसत्या भुशात झाड उभं राहतं, जेवत नाही.

मिश्रण झालं की लगेच रोप लावू नका. पेंड कुजताना ऊब धरते, कोवळी मुळं भाजतात. सावलीत ढीग करा, ओलसर ठेवा, वर गोणपाट टाका आणि तीन-चार आठवडे विसरून जा. आठवड्यातून एकदा खालीवर केलं की पुरे.

विरजण लागतं

दूध कितीही चांगलं असलं तरी विरजणाशिवाय दही लागत नाही. मातीचंही तसंच. ढिगात जुन्या, चांगल्या चाललेल्या कुंडीतली दोन मुठी माती मिसळा. तशी कुंडी नसेल तर वडा-पिंपळाखालची, कुणी फवारणी न केलेली माती घ्या.

ही कल्पना माझी नाही. अमरावती जिल्ह्यातले सुभाष पाळेकर यांच्या जीवामृतात बांधावरची मूठभर माती असते, ती याचसाठी. त्यांचं मूळ माप २०० लिटर पाण्याला १० किलो शेण, १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो डाळीचं पीठ. गच्चीवर एवढं काय करायचं? २ लिटर पाणी, १०० ग्रॅम शेण, १०० मिली गोमूत्र, २०-२० ग्रॅम गूळ आणि बेसन, चमचाभर माती. सावलीत दोन दिवस ठेवा, सकाळ-संध्याकाळ ढवळा, मग दहापट पाणी घालून कुंड्यांना द्या. पंधरा दिवसांतून एकदा पुरतं.

एक मात्र स्पष्ट सांगते. जीवामृत हे विरजण आहे, जेवण नाही. दहा एकरांत जमिनीखाली साठा असतो, बारा इंची कुंडीत नसतो. तिला दर दोन महिन्यांनी दोन मुठी कंपोस्ट घालावंच लागतं.

कंपोस्ट घरच्या ओल्या कचऱ्याचं उत्तम. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी स्वयंपाकघरातल्या कचऱ्यावरच फळझाडं आणि भाज्या उभ्या केल्या. त्यामागे गणिताचे प्राध्यापक श्री. अ. दाभोळकर यांच्या प्रयोग परिवाराचा विचार होता. घरच्या पाल्यापाचोळ्यातून स्वतःची माती स्वतः घडवा, असं ते सांगत. तुमच्या डब्यात भाजीची देठं, केळीची सालं, कॉफीचा चोथा, देवाची फुलं हे सगळं जाऊ द्या. शिजलेलं, मिठाचं अन्न मात्र नको. सांबार भोसल्यांच्या मुदपाकखान्यात जन्मलं अशी गोष्ट इथे अभिमानाने सांगतात, तरीही उरलेलं सांबार कुंडीत ओतायचं नाही.

मामींच्या जुन्या मातीचं काय केलं

गोळे भिजवून फोडले. मुळं काढून टाकली नाहीत, फक्त जाड खुंट वेचले. तीन घमेली जुन्या मातीला एक घमेलं कंपोस्ट, अर्धं घमेलं धुतलेला भुसा, दोन मुठी निंबोळी पेंड आणि विरजण. महिनाभर झाकून ठेवली. नव्या पोत्यांचे पैसे वाचले ते वाचलेच, शिवाय जुन्या मातीत बुरशीचं जाळं आधीपासून असतं, ते फुकट मिळालं.

अपवाद एकच. उपटलेल्या झाडाच्या मुळांवर गाठी असतील तर नीट बघा. चवळी, घेवड्याच्या मुळांवरच्या गोल गाठी नखाने सहज निघतात आणि आतून गुलाबी असतात. त्या चांगल्या, हवेतला नत्र त्याच बांधतात. पण टोमॅटो-वांग्याचं मूळच जागोजागी फुगलं असेल तर ते सूत्रकृमी. अशी माती ओली करून पातळ पसरा, वर पारदर्शक प्लॅस्टिक घट्ट बांधा आणि मेच्या उन्हात चार ते सहा आठवडे तापू द्या. इथे अग्निनक्षत्राचं ऊन असतं, त्याचा एवढा तरी उपयोग. त्या उन्हात चांगले जीवही मरतात, म्हणून नंतर पुन्हा विरजण लावायचं.

ऊन आणि पाऊस

कुंडीच्या तळाशी खडीचा थर घालायची पद्धत घरोघरी आहे. त्याने निचरा सुधारत नाही. बारीक मातीतलं पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत सहजी उतरत नाही, माती पुरती भिजेपर्यंत वरच थांबतं. म्हणजे खडीमुळे मुळांची जागाच कमी होते. भोकावर फुटक्या कौलाचा एक तुकडा बस.

उन्हाळ्यात काळ्या प्लॅस्टिकच्या कुंडीची भिंत हाताला चटका देते, आतल्या मुळांचं काय होत असेल! कुंड्या एकमेकींना चिकटवून ठेवा, बाहेरच्या रांगेला गोणपाट गुंडाळा आणि मातीवर दोन-तीन बोटं पेंढा किंवा वाळकी केळीची पानं पसरा. उघडी माती कधीच ठेवू नका. पाणी सकाळी लवकर, आणि आधी बोट खुपसून बघून.

महाराष्ट्रात मुख्य पाऊस जूनला, तंजावरात ऑक्टोबर ते डिसेंबर. दोन्हीकडे तेव्हा कुंड्या विटांवर उचला आणि भोकं काडीने मोकळी करा. नासक्या अंड्यासारखा वास आला तर आत हवा संपली आहे. काठीने दोन-चार भोकं पाडा, आठवडाभर पाणी बंद.

पीक संपल्यावर झाड उपटू नका. जमिनीलगत कापा, मुळं आतच कुजू द्या, त्यांच्या वाटांनी हवा-पाणी खाली जातं. टोमॅटो, वांगं, मिरची एकाच कुळातली, म्हणून त्यांच्यामागे पुन्हा त्यांच्यातलंच काही नको. पालेभाजी किंवा चवळी घ्या.

आत्ता, मेच्या पहिल्या आठवड्यात ढीग लावलात तर जूनच्या सुरुवातीला तो उघडून वास घ्या. पहिल्या पावसाचा जो गंध असतो तोच यायला हवा. तो गंध मातीतले काही सूक्ष्मजीवच तयार करतात. आंबूस किंवा उग्र वास आला तर आणखी दहा दिवस थांबा. गंध आला की कुंड्या भरा, काठापासून दोन बोटं जागा सोडा आणि पहिल्यांदा चवळी पेरा.