शाल, श्रीफळ आणि चार पायऱ्या



व्हीलचेअर टेनिसमध्ये चेंडूचे दोन टप्पे चालतात. बाकी खेळ तोच. स्पर्धेपर्यंतचा प्रवास मात्र वेगळा. विमानाच्या दाराशी माझी खुर्ची सामानात जाते आणि मला अरुंद खुर्चीला पट्ट्यांनी बांधून आत नेतात. कर्मचारी माझ्या सात वर्षांच्या मुलीला विचारतात, "बाबांना मदत लागेल का?" मधे एकच वाट असलेल्या बहुतेक विमानांत मला जाता येईल असं स्वच्छतागृह नसतं. म्हणून मी आदल्या रात्रीपासून पाणी तोडतो. ती दर वेळी आपला ज्यूस पुढे करते. तिला काय सांगू?

मी आकड्यांचा माणूस. अमेरिकेत याबाबतचा कायदा १९८६ चा. तरी २०२३ मध्ये विमान कंपन्यांकडून ११,५२७ व्हीलचेअर आणि स्कूटरची मोडतोड, हरवाहरवी किंवा दिरंगाई झाली. स्वच्छतागृहाचा नियम २०२३ चा, पण मुदत २०३३ पासून मागवलेल्या नव्या विमानांची!

आणि आपण? गेल्या वर्षी एका मराठी मंडळाने 'प्रेरणादायी' म्हणून माझा सत्कार केला. व्यासपीठाला चार पायऱ्या. चौघांनी मला उचललं, टाळ्या पडल्या. मुलगी मान खाली घालून बसली होती.

यंदाही निमंत्रण आलंय. मी एवढंच विचारलं, रॅम्प आहे का? अजून उत्तर नाही.