सुपारीची वही

केमचे नाव निघाले की लोकांना कुंकू आठवते. पुणे-सोलापूर लोहमार्गावरील, करमाळा तालुक्यातील हे आमचे गाव. हळदीपासून कुंकू करणारे कारखाने आणि ते दूरवर पोहोचविणाऱ्या पेढ्या ही त्याची ओळख. या धंद्याची एक रीत मी वडिलांच्या वेळेपासून पाहत आलो. आषाढी, नवरात्र, चैत्रातल्या यात्रा यांच्या आधी माल उधारीवर जायचा आणि यात्रा उलगडल्यावर पैसे यायचे. तारण काही नसे. चोपडीत नाव, रक्कम आणि मिती, एवढ्यावर व्यवहार चाले. बुडीत अगदीच नव्हते असे नाही. पण त्यापायी पेढी उठल्याचे मला आठवत नाही.

याच तिथ्यांवर पोट असलेला आणखी एक धंदा आहे, तो म्हणजे तमाशाचा फड. दसऱ्याला फड बाहेर पडतो आणि बुद्धपौर्णिमेच्या सुमारास परततो. गुढीपाडव्याच्या आधी पुणे जिल्ह्यातील नारायणगाव येथे फडमालकांच्या राहुट्या लागतात. गावोगावच्या यात्रा कमिट्या तेथे येऊन खेळ ठरवितात आणि इसार देतात. यालाच सुपारी म्हणतात. मोठ्या फडात शंभरावर माणसे, ट्रक, तंबू, रंगमंच, जनरेटर आणि स्वयंपाकाची भांडी असा सारा संसार चाकांवर असतो. कलावंत टिकवायचे तर हंगामाआधी, भर पावसाळ्यात, त्यांना ‘उचल’ द्यावी लागते. पैसा जातो आषाढ-श्रावणात आणि परततो मुख्यतः चैत्र-वैशाखात. बँकेच्या भाषेत ही खेळत्या भांडवलाची गरज होय, आणि ती बहुतेक ठिकाणी खासगी सावकार भागवितो. समजा, ५०,००० रुपये दरमहा ३ टक्क्यांनी नऊ महिने घेतले, तर व्याज १३,५०० रुपये. तेच वार्षिक १२ टक्क्यांनी मिळाले, तर ४,५००. मधले ९,००० रुपये फडातल्या माणसांच्या ताटातून जातात.

हे गणित मला आज सुचते. जेव्हा सुचायला हवे होते तेव्हा सुचले नाही. मी जिल्ह्यातील एका ग्रामीण शाखेत अधिकारी होतो. आषाढातल्या एका दुपारी एक वयस्क फडमालक कर्ज मागायला आले. तारण काय, असे मी विचारले. त्यांनी पिशवीतून एक वही काढून माझ्यापुढे ठेवली. मागच्या हंगामात झालेले खेळ आणि पुढच्या यात्रांचे शब्द तीत लिहिलेले होते: गाव, तिथी, ठरलेली रक्कम, मिळालेला इसार. मी दोन पाने उलटली आणि वही परत केली. नियम माझ्या बाजूने होता. त्याच आठवड्यात एका कुंकू व्यापाऱ्याला मी मालाच्या तारणावर कर्ज मंजूर केले होते, आणि तो माल खपणार होता त्याच यात्रांत! पुढच्या चैत्रात त्या फडाचे नाव आमच्या भागात कोठे दिसले नाही. माझ्या कर्जाने तो तरला असता, असे मी म्हणत नाही. वही वाचायला मी एक दिवसही घेतला नाही, एवढे मात्र खरे.

शासनाने या लोकांसाठी काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. वृद्ध साहित्यिक व कलावंतांना मानधन देण्याची योजना राज्यात १९५४-५५ पासून आहे आणि २०२४ मध्ये ते दरमहा ५,००० रुपये झाले. सांस्कृतिक कार्य संचालनालयाकडून तमाशा, दशावतार, शाहिरी, खडी गंमत अशा प्रयोगात्मक कलांना अनुदान मिळते. त्यात पूर्णवेळ फड व हंगामी फड असा भेद केला जातो. तमाशातील जीवनगौरव पुरस्कारही आहे, विठाबाई नारायणगावकर यांच्या नावाचा. १९३५ साली आपल्याच जिल्ह्यात, पंढरपुरास जन्मलेल्या विठाबाईंना १९५७ आणि १९९० असा दोनदा राष्ट्रपतींकडून गौरव लाभला. २००२ साली त्या गेल्या तेव्हा रुग्णालयाचे बिल देणगीदारांनी भागविले होते.

माझा आक्षेप अनुदानाच्या आकड्याला नाही. त्याच्या वेळेला आणि पत्त्याला आहे. मानधन येते म्हातारपणी. अनुदान उशिरा येते, ही फडमालकांची जुनी तक्रार. उचल मात्र श्रावणातच द्यावी लागते. हा धंदा किती नाजूक धाग्यावर आहे ते २०२० साली दिसले. देशभर टाळेबंदी सुरू झाली तो २५ मार्च म्हणजे गुढीपाडवा. उचल वाटून झालेली, कर्ज डोक्यावर, आणि ऐन कमाईचे दोन महिने कोरडे. पुढच्या वर्षीही तेच झाले. त्यानंतर एकल कलावंतांना शासनाने एकदाच ५,००० रुपयांची मदत दिली. ती मदत कलावंताच्या हाती पडली हे चांगलेच झाले, पण फडमालकाच्या डोक्यावरचे व्याज तिने थांबणारे नव्हते.

पत्त्याविषयी थोडे अधिक सांगतो. अनुदान फडाला मिळते. फडाला बोलावणाऱ्या गावाचा विचार त्यात फारसा नसतो. ज्या गावाची वर्गणी कमी जमते, ते गाव ध्वनिवर्धक आणि ऑर्केस्ट्रावर भागविते. इंग्लंडमध्ये खेड्यांसाठी फिरत्या कार्यक्रमांच्या योजना आहेत. तेथे गावातले हौशी कार्यकर्ते यादीतून कार्यक्रम निवडतात, गावच्या सभागृहात तो ठेवतात आणि स्वतः तिकिटे विकतात. कलावंताचे मानधन आधीच ठरलेले असते. तिकिटांतून कमी पडले तर फरक योजना भरून काढते, आणि योजनेला सार्वजनिक निधी मिळतो. म्हणजे मदत कलावंताला पोहोचते ती गावाच्या हातून, आणि गावही आपला वाटा घालते. आपल्या केंद्र सरकारचेही सांस्कृतिक कार्यक्रमांसाठी अनुदान आहे. त्यातही खर्चाचा काही भाग संस्थेने उभा करायचा असतो. मात्र संस्था नोंदणीकृत आणि काही वर्षांचे हिशेब तपासलेले हवेत. आमच्या बहुतेक यात्रा कमिट्यांचा हिशेब एका वहीत असतो आणि वही ज्याच्या घरी असेल त्याच्या घरी असते.

काही वाचक म्हणतील, तमाशा आणि आपण? माझे वडील चौविहार पाळणारे; दिवेलागणीनंतर ते अंथरुणावर जात आणि फडाकडे कधी फिरकले नाहीत. तरी वर्गणीच्या यादीत त्यांचे नाव पहिल्या पाचांत असे. यात्रेला माणूस येतो तो देवासाठी आणि खेळासाठी. आल्यावर आपल्याकडून चार वस्तू नेतो, हे त्यांना कोणी समजावून सांगावे लागले नाही. ज्यांना तमाशा रुचत नाही त्यांनी शाहिराला, भारुडकाराला बोलवावे. त्यांचाही पावसाळा तसाच जातो.

केम, जेऊर, कुर्डुवाडी ही एका लोहमार्गावरची गावे. त्यांच्या कमिट्यांनी विश्वस्त संस्था म्हणून नोंदणी करावी, बँकेत खाते उघडावे आणि वर्षाचा हिशेब सनदी लेखापालाकडून तपासून घ्यावा. तिसऱ्या-चौथ्या वर्षी अनुदानाचा अर्ज करता येईल. तोवर एक गोष्ट आपल्या हाती आहे. यात्रेच्या तोंडावर जमणारी वर्गणी श्रावणात जमवावी आणि इसार तेव्हाच, बिनव्याजी, धनादेशाने द्यावा. कुंकवाची उधारी आपण पिढ्यान्‌पिढ्या देत आलो, त्यापेक्षा यात जोखीम जास्त नाही. जवळपासच्या गावांनी लागोपाठच्या तारखा घेतल्या, तर ट्रकांचे डिझेलही वाचते.

येत्या श्रावणात माझ्या वाट्याचा धनादेश मी कमिटीकडे देणार आहे. फडमालक आले, तर त्यांची वही दोन दिवस माझ्याकडे ठेवून घेण्याची परवानगीही मागून ठेवली आहे.